इंग्लंडच्या चर्चआवारातले शेंडा उडालेले क्रूस

चर्चच्या दक्षिणेला तीन-चार पायऱ्यांचा चौथरा, त्यावर खाच पाडलेला बैठकीचा दगड आणि खाचेतून वर आलेला, मध्येच तुटलेला खांब. इंग्लंडच्या खेड्यांत क्रूस आज बहुधा असाच दिसतो. हे बव्हंशी 14व्या-15व्या शतकातलं काम. उत्तर इंग्लंडमधल्या गॉसफर्थ गावचा 10व्या शतकातला कोरीव स्तंभ ही वेगळी परंपरा. मध्ययुगात असे बारा हजारांहून अधिक क्रूस असावेत असा अंदाज आहे. उरले ते दोन हजारांच्या आत.

मोडतोडीचं खापर सरसकट 28 ऑगस्ट 1643 च्या संसदेच्या हुकमावर फोडलं जातं. चर्चमधले आणि आवारातले क्रूस 1 नोव्हेंबरपर्यंत काढा, असा तो हुकूम. पण झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) मिरवणूक ज्या क्रुसापाशी थांबायची, त्याचं मुख्य काम 1548 मध्येच गेलं होतं. त्या वर्षी डहाळ्या आशीर्वादित करण्यावरच बंदी आली. मूर्तिभंजनही तेव्हापासूनचं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हे दगड बिनकामाचे आणि बिनडागडुजीचे उभे होते. हुकमाने बऱ्याच ठिकाणी अर्धमेल्यालाच मारलं.

पायऱ्या का वाचल्या, हे जोडकामावरून कळतं. शीर्ष, म्हणजे क्रुसाचा सगळ्यात वरचा भाग, खांबाच्या टोकावर अरुंद कुसवावर (खाचेत बसणाऱ्या खुंटीवर) बसवलेलं असे. ते ढकलून पाडणं सोपं. खांबाचा बुंधा मात्र खाचेत शिसं ओतून पक्का केलेला, त्यामुळे खांब उपटून न येता वरच तुटतो. शिवाय शीर्ष गेलं की क्रूस उरतोच कुठे? माथा ओबडधोबड असेल तर तो तुटलेला. सपाट तासलेला असेल तर नंतर कुणीतरी तिथे सूर्यघड्याळ बसवलं असण्याची शक्यता जास्त. ग्लॉस्टरशायरमधल्या अँपनी क्रूसिसचं शीर्ष 1860 च्या सुमारास चर्चमध्येच भिंतीआड चिणलेलं सापडलं; ते पुन्हा खांबावर चढवलं आहे.

19व्या शतकातल्या हौशी जीर्णोद्धाराने आणि 1918 नंतरच्या युद्धस्मारकांनी जुन्या बैठकींवर नवे खांब आणले. आजची डोकेदुखी बरीचशी त्यांचीच: सांध्यातली लोखंडी कांब गंजून फुगते आणि दगड उभा चिरते, सिमेंटचा दर्जा (दगडांच्या सांध्यात भरलेला थर) पाणी कोंडून ठेवतो, मग थंडीत चुनखडीचे पापुद्रे सुटतात. दुरुस्तीत सिमेंट खरवडून चुन्याचा दर्जा भरतात, कांब स्टेनलेस स्टीलची घालतात. जुनं शिसं शाबूत असेल तर त्याला हात लावत नाहीत.