तडा कधी जातो आणि कुठे जातो : ठिसूळ पदार्थांच्या भंगाच्या संगणकीय अभ्यासाची पार्श्वभूमी

काच कापणारा कारागीर खरे तर काच कापत नाही. तो हिऱ्याच्या कणीने तिच्यावर ओरखडा काढतो, हलकेच दाब देतो आणि काच त्या रेषेवर दुभंगते. सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवले होते की लंबवर्तुळाकार छिद्राच्या टोकाशी ताण एकवटतो आणि टोक जितके निमुळते, तितका तो वाढतो. पण मग टोकदार भेग असलेली कोणतीही वस्तू नाममात्र भारानेही तुटायला हवी होती. १९२१ मध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी ही अडचण ऊर्जेच्या हिशेबाने सोडवली : भेग वाढताना साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी होते, नवे पृष्ठभाग तयार होताना ती खर्ची पडते, आणि जमा खर्चाला पुरली की भेग पुढे सरकते.

हा निकष भेग कधी वाढेल हे सांगतो, कुठे वळेल हे मात्र सांगत नाही. संगणकाच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ या उणिवेत आहे.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूची लहान घटकांच्या जाळीत विभागणी करतात. १९६७ मध्ये एन्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी काँक्रीटच्या तुळईतील तडे या जाळीच्या कडांवरच आखले. पुढच्याच वर्षी रशीद यांनी तडा घटकभर पसरवून दाखवण्याचा मार्ग सुचवला. पहिल्या पद्धतीत तड्याची वाट अभ्यासकानेच आधी ठरवलेली असे, तर दुसरीत जाळी बारीक केली की उत्तर बदलत असे. १९७६ मध्ये हिलरबोर्ग यांनी भंगऊर्जेला, म्हणजे तडा उघडायला लागणाऱ्या ऊर्जेला, गणनेत स्थान दिल्यावर हा दुसरा दोष बराच आटोक्यात आला.

१९९८ मध्ये फ्रांकफोर आणि मारिगो यांनी ग्रिफिथ यांचाच हिशेब व्यापक केला : एकूण ऊर्जा कमीत कमी ठेवणारी वाट भेगेने स्वतःच शोधावी. त्यातून आलेल्या फेज-फील्ड पद्धतीत भेग धारदार रेषा न राहता अरुंद, धूसर पट्टा होते, त्यामुळे तिला फाटे फुटणे वेगळे हाताळावे लागत नाही; अर्थात त्या पट्ट्यापेक्षा बारीक जाळी लागत असल्याने गणनेचा भार फार वाढतो. आघाताने वस्तूच्या ठिकऱ्या उडतात तेव्हा असंख्य भेगा एकाच वेळी जन्मतात आणि एकमेकींना भिडतात. त्यासाठी कामाचो आणि ऑर्टिझ यांनी १९९६ मध्ये ताण मर्यादेपलीकडे गेला की घटकांमधली सांधच उघडणारी रीत वापरली, तर सिलिंग यांनी २००० मध्ये भेगेपाशी निरर्थक ठरणारी विकलजे (डेरिव्हेटिव्ह) टाळून संकलांवर (इंटिग्रल) आधारलेली पेरिडायनॅमिक्स ही पद्धत मांडली.