मलबार हिलची झाडी आणि फरशीचा प्रश्न

मलबार हिलवरून झाडीतून चौपाटीकडे उतरणारी सिरी रोडची वाट जुनी, वाळकेश्वरला जाणाऱ्या भाविकांच्या पायाखालची. हँगिंग गार्डन आणि त्याखालचा जलाशय 1880 च्या दशकातले. या झाडीत बांधलेल्या नव्या मार्गावरून आज जो वाद चालतो, त्याची सुरुवात मात्र ऑगस्ट 2020 च्या अतिवृष्टीपासून धरावी लागते. तेव्हा टेकडीचा उतार खचला, झाडे मातीसकट खालच्या रस्त्यावर आली. उतारावरची माती मुळांनी धरून ठेवलेली असते, हे तेव्हा सगळ्यांनाच दिसले.

2023 मध्ये जलाशयाच्या पुनर्बांधणीसाठी 389 झाडे तोडावी किंवा हलवावी लागतील, असा प्रस्ताव आला. रहिवाशांनी तो अडवला, तज्ज्ञ नेमले गेले आणि 2024 मध्ये दुरुस्तीवर भागले. पुढच्याच वर्षी, मार्च 2025 अखेरीस, याच झाडीतून जाणारा, सुमारे 485 मीटर लांब आणि 2.4 मीटर रुंद असा उन्नत, म्हणजे जमिनीपासून वर खांबांवर उभारलेला, निसर्ग मार्ग लोकांसाठी खुला झाला.

खरा वाद या मार्गाच्या बांधणीचा. जंगलात मार्ग हवाच कशाला, असे काहींचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. पण दुसरा पर्याय काय होता, तेही पाहिले पाहिजे. मुंबईत उद्यानातली मातीची वाट 'सुधारायची' म्हणजे वीतभर माती खणायची, खडी आणि ग्रिट (दगडाची बारीक चुरी) अंथरून दाबायची, वर पेव्हर ब्लॉक, कडेला काँक्रीटची पट्टी. वरवर पसरलेली बारीक मुळे त्या खणण्यातच तुटतात. दाबलेल्या थरातून पाणी आणि हवा धड जात नाही, मग जोराच्या पावसाचे पाणी उतारावरून धावत सुटते. मलबार हिलसारख्या टेकडीला हे परवडणारे नाही. खांबांवर लाकडी फळ्यांचा मार्ग उभारला तर जखम खांबापुरती राहते. पालापाचोळा खाली कुजतो, पाणी जागीच मुरते. म्हणून फरशीपेक्षा हा निर्णय बरा ठरला, असे माझे ठाम मत आहे.

तरी गर्दी वाढली की स्वच्छतागृह, तिकीट खिडकी, बाकडी यांची मागणी येतेच, आणि त्यांच्या पायासाठी काँक्रीट. खालच्या मातीवर एकही ब्लॉक पडणार नाही, ही अट देखभालीच्या प्रत्येक कंत्राटात आताच लिहून घ्यायला हवी.