लेप्टो की स्क्रब टायफस?

पंचगंगेचं पाणी ओसरलं की दहा-पंधरा दिवसांत दवाखान्यात तापाची गर्दी वाढते. थंडी वाजते, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. मलेरिया-डेंग्यू निगेटिव्ह आले की 'व्हायरल आहे' म्हणून घरी पाठवतात, ते मला पटत नाही. त्यात दोन जिवाणूंचे ताप लपलेले असू शकतात: लेप्टो (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस.

लेप्टो पाण्यातून येतो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जिवाणू चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर ओसरल्यावर ज्यांनी अनवाणी घर धुतलं, गोठा काढला, त्यांना याचा धोका जास्त. पोटरी नुसती दाबली तरी माणूस कळवळतो. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली तर घरी थांबूच नका.

स्क्रब टायफसचा पाण्याशी संबंध नाही. (टायफॉइडशीही नाही, नावामुळे गल्लत होते.) गवताझुडपात बसलेली माइट नावाच्या किड्याची अळी चावते. इतकी बारीक, की चावल्याचं कळतही नाही. चावल्या जागी काळी खपली धरते, भोवती लाल कडं, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. काखेत, जांघेत, छातीखाली शोधावी लागते. वैरणीला डोंगराकडं जाणाऱ्या एका मावशींच्या तापाचा सहावा दिवस होता. खपली सापडली परकराच्या नाडीखाली. "नाडी काचली असंल," असं समजून त्यांनी तिकडं बघितलंच नव्हतं. सगळ्यांनाच खपली येते असंही नाही, त्यामुळे नाही दिसली तरी शंका सोडू नये.

दोन्हींची अँटिबॉडी तपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा तीन आठवड्यांत कुठं पाण्यात उतरलात, कुठं गवत कापलंत, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दोन्हींवर चालतं, गरोदर बाईला स्क्रबसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. घोटाळा होतो तो पुढे. लेप्टो बळावला की पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायक्झोनची इंजेक्शनं देतात, आणि स्क्रबवर ती काहीच करत नाहीत. लेप्टो समजून नुसती तीच चालू राहिली, तर आत स्क्रब वाढत जातो आणि फुफ्फुसांपर्यंत पोचतो. योग्य औषध पडलं, तर स्क्रबचा ताप बहुतेकदा ४८ तासांत उतरतो.