जुनं मकान घेताना: गिलाव्याची चीर की पायाचा तडा?

रामबाग, लोकमान्य नगर किंवा जुन्या इंदूरच्या गल्लीतलं बंद पडलेलं मकान घ्यायचं, ठाकठीक करून विकायचं आणि मधला फरक खिशात घालायचा, असा बेत असेल तर भिंतींवरच्या भेगा आधी नीट पाहा. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण एका भेगेच्या जोरावर भाव पाडून घेता येतो, दुसरी अख्खा नफा गिळते.

गिलाव्याची चीर केसासारखी बारीक असते, जाळीसारखी पसरते आणि भिंतीच्या एकाच अंगाला दिसते. सिमेंट जास्त पडलं, पाणी कमी मारलं, की गिलावा आकसून तडकतो. जे व्हायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच होऊन जातं. बीम आणि विटांच्या सांध्यावरची सरळ आडवी रेघही साधारण याच जातीची. खरवडा, जाळी ठोका, पुन्हा गिलावा करा, संपलं.

तडा मात्र खालून येतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची ही करामत. घराच्या पोटाखालची माती झाकलेली असते, तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती दरवर्षी वरखाली होते आणि पाया उथळ असेल तर कोपऱ्याची भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून असा तडा बहुधा खिडकीच्या नाहीतर दाराच्या कोपऱ्यातून निघतो, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढतो, एका टोकाला रुंद होतो आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसतो. त्यावरून बोट फिरवलं तर कधी एक बाजू जराशी पुढे आलेली लागते. दारं अडकतात, पण पावसाळ्यात लाकूडही फुगतं, तेव्हा एकट्या दारावरून निकाल देऊ नका.

तड्यात टॉर्च मारून पाहा. आत चुना, त्यावर हिरवा डिस्टेंपर, त्यावर पांढरी पुट्टी आणि तीही मधोमध फाटलेली, असे थर दिसले तर समजा की आधीच्या मालकांनी तो भरून पाहिलाय आणि मातीने परत उघडलाय.

गर्डर-फर्शीच्या, म्हणजे लोखंडी तुळयांवर फरश्या टाकलेल्या छताची एक तिसरी भानगड असते. गर्डर भिंतीवर टेकतो तिथे लोखंडाला गंज चढून ते फुगतं आणि आजूबाजूची भिंत चिरते. दोष मातीचा नाही, पण पुट्टीने भागणारं कामही नाही.

शंका असेल तर तड्यावरचा गिलावा विटेपर्यंत काढा, काचेची पातळ पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं पक्की चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. खरा निकाल एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावरच लागतो. कर्ज काढून घेतलेल्याला हे थांबणं जड जातं, खरंय. पण स्थावर मालमत्ता 24 महिन्यांच्या आत विकली तर नफा अल्पकालीन ठरतो आणि त्यावर तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, त्यापुढे 12.5 टक्के, उपकर वेगळा. हाच धंदा म्हणून करणाऱ्याचं गणित निराळं, ते सीएला विचारा.

इलाजाची सुरुवात भिंतीपासून नाही, पाण्यापासून करायची. पायाशी सांडणारा पन्हळीचा पाइप, फुटकी मोरी, भिंतीला लागून वाढलेलं झाड, आधी हे बघा. मग घराभोवतीची वरची काळी माती काढून मुरूम भरा आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरसबंदी करा. एवढ्याने बरेच तडे शांत होतात. तरीही हलत राहिला तर पायाखालून आधार देण्याची वेळ येते. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, मिस्त्रीचं नव्हे. आणि उन्हाळ्यात तडा वासलेला असताना कडक सिमेंट ठासून भरू नका. पावसाळ्यात तो मिटायला लागला की तेच सिमेंट पाचरीसारखं विटा रेटतं.

हलता तडा पुट्टीखाली दडवून विकणं तर आणखीच महागात पडू शकतं. साध्या नजरेला न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो घेणाऱ्याला सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यापेक्षा काचेच्या पट्टीचे तारखेनिशी फोटो आणि इंजिनिअरचा कागद रजिस्ट्रीच्या फायलीतच लावून ठेवा. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ठेवायला ते उपयोगी पडतात.