स्लॅग सिमेंट की पीपीसी? खान्देशच्या थंडीत आणि उन्हात दोघांचा फरक

गोणीवर आयएस (भारतीय मानक) 455 छापलेलं असेल तर ते स्लॅग सिमेंट, आयएस 1489 असेल तर पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. पहिल्यात लोखंडाच्या भट्टीतली, पाण्याने झटकन थंड करून काचेसारखी केलेली मळी, म्हणजेच स्लॅग, 25 ते 70 टक्के असते. दुसऱ्यात दगडी कोळशाची राख 15 ते 35 टक्के, भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात निघते त्याच जातीची. 28 दिवसांची किमान ताकद दोन्हींना सारखीच, 33 एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं माप). म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण ही चाचणी 27 अंशांना होते, आणि आपली भिंत क्वचितच 27 अंशांवर असते.

राखेकडे स्वतःचा चुना नगण्य असतो. क्लिंकरमधून, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांमधून, चुना सुटेल तेवढ्यावरच तिचं काम चालतं. मळीत चुना असतोच, फक्त तिला जागं करायला क्लिंकरचा क्षार लागतो. हे जागं होणं तापमानावर फार अवलंबून असतं. धुळ्याला डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला की स्लॅगचा माल साध्या ओपीसीपेक्षा (राख-मळी न मिसळलेलं पोर्टलँड सिमेंट) बराच मागे पडतो, आणि मळी 60-70 टक्के असेल तर आणखी. ताकद मेलेली नसते, उशिरा येते. म्हणून थंडीत स्लॅब वा लिंटेलचा सेंट्रिंग काढायची घाई नको. पीपीसीही थंडीत मंदावतं, तिथेही हाच सबुरीचा नियम.

मे महिन्यात उलटं. जळगावला 44-45 अंशांत स्लॅगचा माल पहिल्या आठवड्यात जोरात ताकद धरतो, पण ओल टिकली तरच. भरभर जमलेला माल आतून असमान बसतो, त्यामुळे नंतरची वाढ कमी होते. 27 अंशांना सावकाश पिकलेला माल 28 दिवसांनी पुढे गेलेला दिसू शकतो. आणि पाणी उडालं, तर ऊन कितीही असो, मळी अर्धवटच राहते. प्लास्टरवर बोट फिरवलं की पावडर सुटते ती बऱ्याचदा यामुळे. वरून पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट फिरवून ते दुरुस्त होत नाही.

विटा आधी भिजवा, वाळू सावलीत ठेवा, माल थोडा थोडा कालवा. भर दुपारी तापलेल्या भिंतीवर गार पाणी मारू नका, बारीक तडे जातात. सकाळ-संध्याकाळ मारा, मधल्या वेळी ओलं गोणपाट लावून ठेवा. काँक्रीटचं मानक आयएस 456 अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस ओलं ठेवायला सांगतं, कोरड्या-गरम हवेत 14. प्लास्टरलाही आम्ही 14च धरतो.

ताजा फोडलेला तुकडा आतून हिरवट-निळसर दिसला तर घाबरू नका. ती स्लॅगची खूण आहे, हवा लागली की जाते.