वास्तववाद (पाश्चात्य चित्रकला)

वास्तववाद म्हणजे रिअलिझम, १९व्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये उभी राहिलेली चळवळ. आपल्याकडे चित्र फोटोसारखं दिसलं की "काय रिअलिस्टिक आहे!" म्हणतात, तो अर्थ इथे लावला की घोळ होतो, कारण हुबेहूब काढणं पॅरिसच्या अकादमीवाल्यांना (म्हणजे सरकारमान्य कला-संस्थेच्या चित्रकारांना) आधीपासूनच झकास जमायचं, भांडण होतं ते काढायचं कुणाला यावरून. मोठा कॅनव्हास देव, राजे, लढायांसाठी, शेतकरी-मजूर काढलेच तर छोट्या चित्रात आणि तेही जरा गोडगोड करून, असा शिरस्ता होता.

तो मोडला गुस्ताव्ह कुर्बेने (१८१९–१८७७). त्याचं 'ओर्नांमधलं दफन' ३ मीटरहून उंच आणि ६.५ मीटरहून लांब आहे, आणि त्यात आहे काय, तर त्याच्या गावातली एक साधी मयत. पुढे उघडा खड्डा, पाद्री, लाल झग्यातले चर्चचे सेवक, रडणाऱ्या बायका, आणि भलतीकडेच बघणारा एक कुत्रा. माणसं जवळजवळ खऱ्या मापाची, बरीचशी गावातलीच. १८५०-५१च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, हे लागलं तेव्हा टीकाकार भडकले, एवढी जागा आणि एवढे कुरूप लोक! त्याच्याच 'दगडफोडे'मध्ये तर म्हातारा आणि पोरगा दोघांचेही तोंड नीट दिसत नाही, दिसतात ती ठिगळं आणि फाटके मोजे. हे चित्र १९४५ला ड्रेस्डेनजवळ युद्धात नष्ट झालं, आता फक्त फोटो उरलेत.

१८५५च्या जागतिक प्रदर्शनात 'दफन' आणि 'चित्रकाराचा स्टुडिओ' नाकारले गेले, तर पठ्ठ्याने शेजारीच स्वतःचा मांडव टाकला, तिकीट लावलं, वर 'रिअलिझम' अशी पाटी. गर्दी काही फार झाली नाही.

मिले आणि दोमिए हे बाकीचे मोठे. मिलेच्या 'सरवा वेचणाऱ्या'मधल्या तिघी बायका वाकून कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं उचलतायत, मागे दूरवर मालकाच्या गंजी रचलेल्या, एवढ्यावरूनच सगळं कळतं. पुढे रशियात रेपिन आणि अमेरिकेत ईकिन्स याच वाटेने गेले, मोने वगैरे पुढच्या फ्रेंच चित्रकार मंडळींनाही साधे विषय रंगवायची मोकळीक इथूनच मिळाली.

'सरवा वेचणाऱ्या' १८५७चं, आणि मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टही त्याच वर्षी सुरू झालं, पण तिथे रुजली ती ब्रिटिश अकादमीची हुबेहूब शैली. मराठीत तिलाही वास्तववादीच म्हणतात, सुरुवातीचा घोळ बराचसा तिथलाच.