विश्वाचा आरंभ आणि कर्ता : दोन प्रश्नांची गाठ कशी पडली

९ मे १९३१च्या ‘नेचर’मध्ये बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांचं एक छोटं पत्र छापून आलं. सगळ्या विश्वाचं वस्तुमान आरंभी एकाच अणूत असावं आणि तो फुटत जाऊन आजचं विश्व झालं असावं, असा त्यातला मुद्दा. लमेत्र गणिती होते, तसेच कॅथलिक धर्मगुरूही. पत्राच्या टंकलिखित प्रतीत शेवटी आणखी एक परिच्छेद होता : देव मुळातच गुप्त आहे, आणि आजचं भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा टाकतं हे पाहून श्रद्धाळू माणसाला बरंच वाटेल, अशा अर्थाचा. छापायला जाण्याआधी त्यावर काट मारली गेली.

या कल्पनेची खरी अडचण धर्माची नव्हती, हिशेबाची होती. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलच्या तेव्हाच्या मोजमापानुसार दीर्घिका अंतराच्या दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर वेगाने दूर जात होत्या. उलटा हिशेब मांडला की विश्वाचं वय जेमतेम दोन अब्ज वर्षं भरे; किरणोत्सारावरून काढलेलं पृथ्वीचं वय त्याहून जास्त. म्हणजे लेक आईपेक्षा थोरली! चूक दीर्घिकांच्या मोजलेल्या अंतरांत होती. ती १९५२मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी दाखवली आणि विश्वाचं वय एका झटक्यात दुप्पट झालं.

तोवर १९४८मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्व प्रसरण पावतं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळे घनता तीच राहते आणि आरंभ लागतच नाही. त्यासाठी एका घनमीटरमध्ये अब्जभर वर्षांत हायड्रोजनचे एकदोन अणू पुरतात; इतकी निर्मिती कुठल्या प्रयोगशाळेत पकडणार? हॉइल उघड नास्तिक, म्हणून हा देवाला टाळण्याचा डाव आहे असा आरोप झाला. तो अर्धवट आहे, कारण वयाचा घोळ तेव्हा खराच होता.

मग २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. ‘प्रकाश होवो’ या आद्य क्षणाची साक्ष आता विज्ञानच देतं, असा त्याचा सूर. लमेत्रना हे रुचलं नाही. पुढच्या सप्टेंबरात रोमला जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा हा दावा त्यांनी पुन्हा केला नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरचा आहे, हे लमेत्र नंतरही सांगत राहिले.

१९६५मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी सगळ्या दिशांनी येणारं सुमारे ३ केल्व्हिन तापमानाचं प्रारण जाहीर केलं. ती उष्ण आरंभाची उरलेली ऊब मानली गेली आणि बहुतेकांनी महास्फोटाची, म्हणजे लमेत्रसारख्या आरंभाच्या कल्पनेची, बाजू घेतली. हॉइलचे विद्यार्थी जयंत नारळीकर मात्र बधले नाहीत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक असताना, १९९३मध्ये, त्यांनी हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह ‘स्थिरवत् स्थिती’चा सिद्धांत मांडला : एकच मोठा स्फोट नाही, छोटे छोटे अनेक. फार थोड्यांनी तो स्वीकारला.

या साऱ्यात एक गोष्ट विसरली जाते. विश्वाला आरंभ आहे हे तर्काने सिद्ध होत नाही, असं तेराव्या शतकात कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने लिहून ठेवलं होतं, आणि तरी तो देवाच्या बाजूनेच युक्तिवाद करी. आपल्याकडे न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांची ‘न्यायकुसुमांजली’ही तशीच. परमाणू नित्य, सृष्टि-प्रलयाची साखळी अनादि. ईश्वर हवा तो परमाणू जुळवणारा निमित्तकारण, म्हणजे मातीला घडवणाऱ्या कुंभारासारखा कर्ता, म्हणून. याच्या उलट वेदविधींचा अर्थ लावणारे मीमांसक वेद मानूनही जगाचा कर्ता नाकारत. आरंभ आणि कर्ता हे प्रश्न त्या काळी वेगळे होते. विसाव्या शतकाने त्यांची गाठ मारली.

म्हणूनच आजच्या चर्चेत दोन्हीकडे तीच घसरगुंडी दिसते. बोर्डे, गुथ आणि व्हिलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांचं २००३चं प्रमेय म्हणतं की सरासरीने प्रसरणच पावत आलेल्या विश्वात कणांच्या नि प्रकाशाच्या मार्गांच्या भूतकाळाकडे जाणाऱ्या रेषा मर्यादित लांबीत संपतात. त्यापलीकडे काय, याबद्दल ते काही सांगत नाही. तरी ‘आरंभ सिद्ध झाला, आता कर्ता माना’ म्हणून ते पुढे केलं जातं. समोरून ‘शून्यातून विश्व’ हे उत्तर येतं. १९८२मध्ये व्हिलेंकिन यांनीच मांडलेल्या त्या प्रतिमानात अवकाश-काळ नसतो हे खरं, पण क्वांटम सिद्धांताचे नियम आधीच गृहीत धरलेले असतात.